पोर्ट एलन, तिसरा पेला

मॉरागने तीन पेले मांडले,
खाली खडूने आकडे.
पहिला स्पेसाइडचा : मध, नासपती,
नव्या जावयासारखा गोडबोल्या.
दुसरा शेरीच्या पिंपात बारा वर्षं बसलेला;
मनुका, मागून जरा जुन्या चामड्याचा वास.
वहीत सात गुण लिहिले. खोडून साडेसहा.

तिसरा नाकाशी नेला नि थबकलो.
धूर, डूगल म्हणाला. समुद्र. जळकी दोरी.
मी म्हटलं, टिंक्चर आयोडीन.
मिरजेच्या दवाखान्यातलं,
ज्यात अण्णा कापसाचा बोळा बुडवायचे
आणि ‘फुंकर मारू?’ विचारायचे
लावून झाल्यावर.

डूगलने चष्म्यावरून पाहिलं.
थेंबभर पाणी घाल, मॉराग म्हणाली, खुलेल.
घातलं.
डावा गुडघा चुरचुरला.

गुणांचं नंतर बघू.