टांगणी

पहिल्या दिवशी मुलं सरोवराकडे धावतात
आणि त्यांच्या आया माझ्याकडे.
पिशव्या, पुड्या, बाटल्या, घडी घातलेल्या चिठ्ठ्या.
टू शिआँगचे दोन इन्हेलर: केशरी रोज,
निळा धाप लागली तरच.
इदिलला शेंगदाण्याचा कणही चालत नाही;
तिचं एक इंजेक्शन माझ्या खणात,
दुसरं तिच्या ताईच्या कमरेला, झोपतानासुद्धा.
वेंडेलची आई सगळ्यांत शेवटी आली,
दार लोटून घेतलं, म्हणाली,
"अजून कधीकधी... रात्री..."
मी म्हटलं, चादरी पुष्कळ आहेत आमच्याकडे.

मी थोरा लिंडक्विस्ट.
एकतीस वर्षं शाळेत नर्स होते.
आता फक्त उन्हाळे, मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला,
जिथे डास माणसाला नावानिशी ओळखतात.

संध्याकाळी गोचिडी शोधायच्या.
कानामागे, काखेत, गुडघ्याच्या लवणीत.
चिमट्याने, न पिळता, सरळ वर.
मुलं रांगेत हसतात, गुदगुल्या होतात म्हणून.
माझ्या चष्म्याला मात्र हसू येत नाही.
पहाटे चार वाजता वेंडेलची चादर बदलते.
तो झोपेचं सोंग घेतो,
मी सोंग न कळल्याचं.
सरोवरावर लून पक्षी ओरडतो,
आणि आम्ही दोघंही तिकडेच कान देतो.

धक्क्यावर एक फळी आहे, तिला खिळे,
खिळ्यांना लाकडी बिल्ले, बिल्ल्यांवर नावं.
पाण्यात जाताना लाल बाजू पुढे,
बाहेर आलं की पांढरी.
एवढंच. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

त्या मंगळवारी शिट्टी झाली,
मुलं निथळत बाहेर आली,
बिल्ले फिरले. खटखट, खटखट.
एक लालच राहिला.

टू शिआँग.

मग कुणी काही बोललं नाही.
मोठ्यांनी हातात हात गुंफले,
काठापासून छातीभर पाण्यापर्यंत साखळी धरली,
आणि पावलांनी तळ चाचपत चालू लागले.
पाणी चहासारखं तांबूस, स्वतःचे गुडघेही दिसेनात.
मी धक्क्यावर उभी,
ऑक्सिजनची नळी उघडलेली,
दुसऱ्या हातात निळा इन्हेलर,
हा कशासाठी घेतला तेही कळेना.
मागे बाकी मुलं टॉवेल पांघरून
एका ओळीत बसलेली, चिडीचूप.
जीव टांगणीला लागणं म्हणतात ना,
तो खिळा मी पाहिला आहे.
त्याचं डोकं गंजलेलं आहे, किंचित डावीकडे वाकलेलं.

नऊ मिनिटं.

दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरामागच्या झुडपांतून
टू आला. जीभ जांभळी, ओंजळ जांभळी.
"ब्लूबेरी पिकल्यात," म्हणाला, "तुम्हाला आणल्या."
मग त्याला पाण्यातली माणसं दिसली,
हात धरून उभी, कपड्यांसकट,
आणि त्याची ओंजळ हळूहळू सैल झाली.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी.
पण त्याची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली होती,
आणि इन्हेलर माझ्या हातातच होता.
एक झुरका. थांब. मोज. दुसरा.
मग आम्ही फळीपाशी गेलो.
बिल्ला त्याने फिरवला. मी नाही.

रात्री नोंदवही उघडली.
काटा रुतला: दोघं. उन्हाने पाठ भाजली: एक.
मधमाशी: एक. गोचिडी: सहा.
धाप: टू शिआँग, निळा, दोन झुरके.
दोन चाळीसची नोंद कुठल्या रकान्यात करावी कळेना.
इजा नव्हती. उपचारही नव्हता.
शेवटी लिहिलं:
थोरा एल., वय सदुसष्ट, हात थरथर, साखरपाणी दिलं.

शेवटच्या दिवशी टूची आई आली,
म्हणाली, "त्रास नाही ना दिला?"
मी सगळं सांगितलं, नऊ मिनिटांसकट.
ती बराच वेळ त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली,
गोचीड शोधल्यासारखी.

गाड्या गेल्या. धूळ बसली.
मी धक्क्यावर गेले, एकेक बिल्ला उतरवून
बुटांच्या जुन्या खोक्यात ठेवला.
सगळे पांढरे होते.
तरी दोनदा मोजले.
घरी, नोव्हेंबरात, तळं गोठतं तेव्हा,
अजूनही कधीकधी मोजते.