नावाला चार

कुडचड्याच्या लाकूडगिरणीत मी बिलं फाडते.
लिहिते चार बाय तीन,
देते पावणेचार बाय पावणेतीन.
चोरी नाही यात. तरी रोज कुणीतरी
टेप ओढत माझ्या टेबलापर्यंत येतंच.

आज रुझार. तारवटी, सहा महिने जहाजावर,
उरलेले सहा शेळवणला घर बांधण्यात.
टेप पिवळा, परदेशी, खटकन मागे जाणारा.
"बाये, दोन सूत खंय गेले?"
अकरा चौकटी, प्रत्येकीचे दोन सूत,
हिशेब सिगारेटच्या पाकिटावर मांडूनच आलेला.

मी सांगते ते कायतान मेस्ताचं,
पहिल्या आठवड्यात भुशात उभं राहून त्यानं मला सांगितलेलं:
एक घास करवत खाते,
एक रंधा,
थोडं ऊन पितं, मार्च ते मे,
यार्डात पडल्या पडल्या.
चार हे लाकडाचं ओलेपणीचं नाव.
मग ते कितीही सुको, नाव तेच चालतं.

माझं उलटं झालं.
मी होते तेवढीच राहिले, नाव तासलं.
रिवणला मी कुशावती, नदीवरून ठेवलेली.
मांडवात ताटातल्या तांदळांवर
अंगठीनं स्वरूपा लिहिलं.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.
रेशनकार्डावर स्वरूपा, बँकेत स्वरूपा,
फोनवर आई तेवढी अजून, "गे कुशा..."
किती सूत कमी झालं
मी मोजायला गेले नाही.

हे रुझारला काय सांगायचं?
त्याला चिऱ्याचं सांगितलं.
चिरा तरी कुठे पुरा असतो?
गवंडी मधे मसाला भरतो,
तो धरून भिंतीचं माप लागतं.
एकटा चिरा कमीच.
त्यानं टेप सोडला. खटकन.
"मग पैसेही पावणेचारचेच घे."
मला हसू आलं, पण शेठ आत होता.

(भुसा पोल्ट्रीवाला नेतो, चाळीस रुपये पोतं.
दाबून भरलंय का, तोही विचारत नाही.)

जुलै संपता संपता रुझारचा फोन:
पुढचं दार चौकटीत अडकलंय,
आठ दिवस सगळे रांधणीतून ये-जा करताहेत.
कायताननं पिशवीत रंधा टाकला.
"लाकूड पाणी पिऊन नावाकडे परत निघालंय," म्हणाला,
"एक सूत आलंय. अर्ध्या वाटेवर."
मग आता?
"आता काय! तासायचं."

मजुरीची पावती मी घाईत फाडली,
खाली सही करताना हात कु लिहून मोकळा झाला.
खोडलं नाही. पुढे टिंब दिलं.
संध्याकाळी शेठ चष्मा वर करून विचारील,
लग्नाला सतरा वर्षं झाली ना गो,
आता हे कु. कसलं?