शाणूबाबची पार्टी

चौदा माणसं, मी फोनवर म्हटलं.
मॅनेजर म्हणाला, बारापर्यंत टेबल, त्यापुढे मेझनीन.
मेझनीन म्हणजे माळा, मी आग्नेलला सांगितलं.
आग्नेल म्हणाला, माळ्यावर आम्ही नारळ ठेवतो.

पणजीत, मळ्यात, जिथे आधी शिंपी बसायचा
तिथे आता हा बार.
आगाऊ पाच हजार, परत मिळणार नाहीत.
प्रसंग कुठला सर? बर्थडे, ॲनिव्हर्सरी, बॅचलर?
निवृत्ती त्याच्या यादीत नव्हती.
मी बर्थडे म्हटलं.
आता केकवर मेणबत्ती येणार,
शाणूबाब ती फुंकताना
भोंगा देतात तसे गाल फुगवणार.

मी फेरीबोटीच्या फेऱ्या लिहितो.
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
वेळ, गाड्या, भरती, शेरा.
त्याच वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब.

कार्ड मोबाइलवर आलं. मी धक्क्यावर वाचून दाखवलं:
उर्राक, कोकम, धुरी दिलेलं मीठ, मिरचीची चीर.
सहाशे ऐंशी.
बुधो गप्प झाला. त्याच्या मावशीची भट्टी आहे,
मार्चभर तिच्या डोळ्यांना पाणी.
मग म्हणाला, आमच्याकडे
धूर फुकट मिळतो.

आणि पायात बंद बूट हवेत,
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
शाणूबाब एकतीस वर्षं अनवाणी सुकाणू धरून आहेत.
म्हणतात, इंजिनाचं दुखणं
कानाच्या आधी तळव्याला कळतं.

वार ठरेना.
सोमवारी तिघांचा शंकर, मंगळवारी सुलक्षाबाईंचा गणपती,
गुरुवारी गोकुळदास दत्ताचा,
शुक्रवार-शनिवार बारवाल्याचे, दर दुप्पट.
आग्नेल तर ईस्टरपर्यंत थेंब घेणार नाही.
बुधवार लिहिला, दोनदा अधोरेखित केला.

तेव्हा सुलक्षाबाईंनी विचारलं,
आणि परत कोण आणणार?

चौदाही पणजीत.
रात्रपाळीही आमचीच.
शेवटची फेरी सुटायची ती कुणाच्या हातून?
बदली माणसं मागितली तर ऑफिस म्हणालं, अर्ज करा.
अर्ज मंजूर होईतो शाणूबाबची
पेन्शनही सुरू झाली असती.

ते बाकावर बसून ऐकत होते.
दोर वळत होते, सवयीनं, नको असताना.
म्हणाले, मी आणीन.

पण पार्टी तुमची, बुधो ओरडला, तुम्ही पिणार नाही?

मी कधी पितो रे?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
एकतीस वर्षं. किती लग्नांची वरात त्यांनी ओलांडली,
किती झिंगलेल्यांना काखेत धरून उतरवलं,
एकाची चप्पल पाण्यात गेली, त्याला स्वतःची दिली.
नाताळला येणारी प्रत्येक बाटली
ते घरी नेत. कुणाला देत, कुणास ठाऊक.

मी बुधवार खोडला. गुरुवार लिहिला.
सुकाणूवर शाणूबाब.
इंजिनावर आग्नेल, उपासाचा.
दोरावर गोकुळदास, दत्ताचा.
उरलेले अकरा माल म्हणून.
बुधो म्हणाला, नीट लिही, नाजूक माल.

संध्याकाळी शाणूबाब वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही घेऊन आले.
मुलाचे बूट, एक नंबर मोठे.
टाचेत कापूस कोंबून चालून दाखवलं,
धक्क्याच्या उतारावर, कोरड्या जागेवर, मग ओल्या.
चालतील, म्हणाले. वर बसलो की काढीन.
टेबलाखाली कोण बघतंय?

मी पुन्हा फोन लावला.
अकरा तुमच्या कार्डातले, दोन लिंबूसोडा,
एक कोकमचं सरबत, बर्फाशिवाय.
नऊला उठायचं आहे, चौघांना नाही, सगळ्यांना.
त्यानं टाईप केल्याचा आवाज आला.
आणखी काही सर?

माळ्यावरून नदी दिसते का?

नाही सर. व्ह्यू नाही.
पण निळा लाइट आहे, म्हणाला,
हवा तर थोडा हलवता येतो.