एकशेदहा

साखर पेठेत व्होल्टेज किती
हे बोर्डाच्या कागदावरून कळत नाही, कानाने ओळखायचं.
गल्लीतले सगळे माग खडखडत असले की एकशेनव्वद.
पाळी सुटली, माग थांबले,
की एकदम अडीचशे,
आणि माझ्या टेस्टलॅम्पची तार पांढरी पडते.

येमूलांचा प्रल्हाद हे सगळं विसरला होता.
डेट्रॉइटहून महिनाभरासाठी आला
तो कॉम्प्युटर घेऊन,
जाताना आईने दिलेल्या चादरीत गुंडाळलेला.
मागच्या बाजूला नखाएवढं लाल बटण,
त्यावर ११५. सरकवायचं राहिलं.
चपटी पिन बसेना, म्हणून पिनेला पिन जोडली,
बटण दाबलं
आणि फट्‌.

मी गेलो तेव्हा खोलीत जळक्या लाखेचा वास,
तव्यावर भाकरीही जळत होती.
"काय बे, सहा वर्षांत घरची वीज विसरलास?"
तो हसला नाही.
"काका, ऑफिसचा आहे. सोमवारी रात्री कामावर बसायचंय."

आतला डबा नव्या पेठेतून जुनाच आणून बदलला.
पण प्रिंटरला लाल बटणही नाही,
त्याला एकशेदहाच लागतात, पथ्यावरच्या माणसासारखे.
मोडक्या स्टॅबिलायझरचा गाभा घेतला,
येणाऱ्या बाजूला चारशेऐंशी वेढे, जाणाऱ्या बाजूला दोनशेचाळीस.
तार भरताना मी तेलुगूत मोजतो.
आई कांड्या भरताना तशीच पुटपुटायची.
मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

रात्री प्रिंटरने कागद ओढला.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, हात लावला तर कोमट.
पडद्याच्या कोपऱ्यात अजून डेट्रॉइटची सकाळ होती,
ती कुणी बदलली नाही.

मग त्याने पिशवीतून घड्याळ काढलं,
लाल आकड्यांचं, उशाशी ठेवायचं.
तेही माझ्या डब्यावर लावलं. चाललं,
पण तासाला दहा मिनिटं मागे पडू लागलं.
मी सांगितलं, बिघडलेलं नाही ते.
तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, इकडची पन्नास,
आणि हे बिचारं हेलकावेच मोजतं.
व्होल्ट मी निम्मे करून देईन,
हेलकावे माझ्या हातात नाहीत.

"टाकून देतो," प्रल्हाद म्हणाला.
नरसूबाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं,
पदराने पुसलं, चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं.
"पर्वालेदू," म्हणाल्या,
"हळू चालू दे.
एकवीस तारखेला विमान आहे याचं."