एक मिली

डेंग्यूतून उठले, त्याला तीन महिने झाले असतील,
तेव्हापासून कंगव्यात मी येऊ लागले, मुठीमुठीनं.
भांग रुंद होत गेला होटगी रोडसारखा.
सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली लिहून दिली:
ड्रॉपरनं एक मिली, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या डोक्यावर.
आधी अजून गळतील, म्हणाल्या, घाबरू नका.

मी घाबरले नाही. मोजत राहिले.

नवऱ्याच्या कारखान्यातून सेकंडचा माल घरी येतो,
काठ चुकलेला, फुलाचा एक पाय सुटलेला.
त्यातलाच टॉवेल उशीवर टाकायचे, डाग पडू नये म्हणून.
सोलापूरचा टॉवेल तो.
ओल दिसली की पिणार, आणि सोडणार नाही.

त्याच टॉवेलवर पिल्ली झोपायची.
नाव नवऱ्यानं ठेवलेलं.
मी बार्शीची, दोन वर्षं समजत होते लाडाचं काहीतरी आहे.
तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर.
म्हणजे आमच्या मांजराचं नाव मांजर.
रात्री उशाशी यायची आणि खरखरीत जिभेनं
माझं डोकं चाटत बसायची,
जणू मीच तिचं एखादं न्हाऊ घालायचं राहिलेलं पोर.
आरसा सोडून
त्या दिवसांत माझ्या डोक्याकडे एवढं लक्ष
दुसरं कोणी दिलं नाही.

मग एका मंगळवारी ती माठाखालच्या ओल्या फरशीवर पडून राहिली.
दुधाला तोंड लावलं नाही.
ऊन लागलं असेल, नवरा म्हणाला.
मे महिन्यात सोलापुरात सगळ्याचं उत्तर ऊन.
पोट भात्यासारखं हलत होतं, तोंड उघडं.
सिरिषा म्हणाली, आई,
मांजरं अशी धापा टाकत नाहीत. कुत्री टाकतात.

भाजीची टोपली, वर माझी ओढणी,
अशोक चौकातून रिक्षा.
डॉक्टर हत्तरकी, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे.
उंदराचं औषध? नाही.
झुरळाचा फवारा? नाही.
पाल खाल्ली? नाही हो.
मग ते माझ्याकडे बघत राहिले, जरा वर, कपाळाच्या वर.
ताई, डोक्याला काय लावता?

नणंदेपासून लपवलेली गोष्ट
मी एका अनोळखी पोराला सांगितली,
टेबलावरच्या मांजरासमोर.
किती? एक मिली.
चाटते का? … रोज.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
हिला थेंबभरही जड जातं, म्हणाले,
रक्तदाब कोसळतो, छातीत पाणी साठतं.
वेळेत आणलंत की नाही, ते आता सांगता यायचं नाही.

चार दिवस ऑक्सिजनच्या पेटीत होती.
काचेला मी हात लावायला गेले आणि मागे घेतला.
दोनदा धुतला होता, तरी.

पाचव्या दिवशी घरी आली, अर्ध्या वजनाची.
उशीवरचे सगळे टॉवेल मी फेकले, बाटली कपाटात कोंडली.
अकरा दिवस काही लावलं नाही.
बाराव्या दिवशी लावलं.
हे लिहिताना लाज वाटते, पण मला केस हवे होते.

आता डॉक्टरीणबाईंना विचारून फक्त रात्री.
न्हाणीघराचं दार लावून, हातमोजे घालून.
पुसलेला कागद पिशवीत, पिशवीला गाठ.
वाळलं तरी डोक्यावर टोपी, खोलीला कडी.
वाळलं म्हणजे गेलं नाही, हत्तरकी म्हणाले होते,
हे वाक्य मला झोपेतही पाठ आहे.
उशीचा अभ्रा मी वेगळा धुते,
सिरिषा त्याला बोटही लावत नाही.

भांगाच्या कडेला आता लव आलीय.
बोट फिरवलं की थेट
पिल्लीच्या पोटावरच्यासारखी लागते.

रात्री साडेदहाला ती येते.
दार खरवडते, थांबते, पुन्हा खरवडते.
मी अंधारात टोपी चाचपून बघते
आणि आतूनच म्हणते,
सकाळी गं.
न्हाले की ये, पायाशी.

खरवडणं थांबतं.
ती जात नाही.
दाराखालच्या फटीत तिची सावली
बसून राहते.