दोन बोटं जास्त

परळला, केईएमच्या मागे माझं दुकान :
कमरेचे पट्टे, गुडघ्याच्या टोप्या, मानेच्या कॉलर.

ती आली तेव्हा काखेत हेल्मेट होतं,
उजव्या कानावर तडा गेलेलं,
आत अजून त्याच्या तेलाचा वास.
"डोक्याला खरचटलंसुद्धा नाही," म्हणाली,
जणू हेल्मेटची बाजू मांडत होती.
"मान मात्र…"

सुमननगरचा पूल. पहाट. सांडलेली रेती.

"मानेला आधीच घालायचं काही नसतं का हो?"

असतं. चिखलात शर्यती लावणारे घालतात.
तेही कितपत वाचवतं, कोण छातीठोक सांगणार?
आणि चेंबूरला दूध टाकणाऱ्याला ते विकणार कोण?
मी बोललो नाही काही.
माप विचारलं.

तिने टेप स्वतःच्याच गळ्याभोवती घेतली,
डोळे मिटले क्षणभर :
"याहून दोन बोटं जास्त."