पान एकशे बारा

पुस्तक छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
मी ट्रॅमने स्मीखोवला गेलो,
द्राहोमीरा कुबेलकोवांच्या घरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही.
वय नव्वदीच्या एक-दोन पायऱ्या अलीकडे.
आभारांच्या यादीत त्यांचं नाव आहे, सर्वांत शेवटी,
आणि त्यातलंही एक अक्षर चुकलेलं.

तेच त्यांनी आधी शोधलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"ही कोण बाई?" म्हणाल्या.
मग पानं उलटू लागल्या भाजी निवडावी तशी,
हे ठेवायचं, हे टाकायचं.

नऊ वर्षं दिलीत मी या पुस्तकाला.
एका सिनेमाचं पुस्तक, तोही जुना, काळापांढरा,
ज्यात पाच माणसं एका मेलेल्या ग्रहावर उतरतात
आणि चार परततात.
बासष्टच्या हिवाळ्यात, बारांदोवच्या टेकडीवर
तो ग्रह बांधला होता.
मी कोठारातली बिलं वाचली, फळ्यांची, काथ्याची, दिव्यांची,
दिग्दर्शकाची जुनी मुलाखत पाठ केली
आणि पान एकशे बारावर ठामपणे लिहिलं:
जमिनीसाठी ज्वालामुखीची राख आणली होती, खास परदेशातून.

बाईंचं बोट तिथे थांबलं.
"राख?"
त्या हसल्या ते आधी खांद्यांनी, मग आवाजाने.
"अरे, मागवली होती. आली नाही.
सही करणारा साहेब आजारी, मग सुट्टीवर, मग बदलून गेला.
खसखस होती ती. आपली काळीनिळी खसखस,
नऊ पोती. मीच चाळली.
दिव्यांखाली ग्रह तापायचा
आणि अख्खा स्टुडिओ नाताळच्या स्वयंपाकघरासारखा घमघमायचा.
अंतराळवीर टोपाच्या आत भुकेने कासावीस.
ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं ना,
त्याला तू काय म्हटलंयस?"
"अस्तित्वाची भीती," मी म्हटलं.
"हां. ते जेवणाच्या सुट्टीआधीचं आहे."

पुढचं मी विचारायला नको होतं.
चित्र क्रमांक सत्तावीस: क्षितिजापर्यंत गेलेले बारीक ठसे,
जोडीजोडीने, मध्येच थबकलेले.
त्यांच्यावर माझं सातवं प्रकरण उभं आहे.
अकरा पानं. तळटिपा वेगळ्या.
आपल्याआधी इथे कुणीतरी होतं
आणि घाई न करता निघून गेलं: हे वाक्य
माझं मलाच फार आवडलं होतं.

"उंदीर," बाई म्हणाल्या.
"रात्री यायचा. त्याला काय, मेजवानीच.
कॅमेऱ्यावरचा लुमीर सकाळी बघून ओरडला, कुणी पुसू नका!
मी चाळण घेऊन उभीच होते."

बाहेर ट्रॅम वळली, काचा थरथरल्या.
पाचशे प्रती. पाचशे घरांत आता राख पसरणार.
मी म्हटलं, दुरुस्तीची चिठ्ठी छापतो.
मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत.
पुढची आवृत्ती त्या ग्रहावरच निघेल
हे दोघांनाही ठाऊक होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या.
"लोकांनी राखेचे पैसे मोजलेत."
मग थोडं थांबून, "आणि उंदराचं खोटं कुठेय?
होतंच की कुणीतरी. गेलंच की निघून."

पोत्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं.
बायकांनी वाटून घेतली, खिशांतून, डब्यांतून,
एकीने तर अंतराळवीराच्या मोज्यात भरून नेली.
त्या ईस्टरला टेकडीखालच्या घराघरांत कोलाचे भाजले गेले,
गोल, गोड, काळ्या पोटाचे.
"ग्रह खाल्ला आम्ही. दाताखाली जरा कचकच लागायची,
पण साखर मिळाली होती त्या वर्षी."

निघताना दोन मला बांधून दिले.
कागद सापडेना, म्हणून त्यांनी
नव्या पुस्तकाचं वेष्टन ओढून काढलं,
ग्रहाचा फोटो असलेलं. मी काही बोललो नाही.

एक ट्रॅममध्येच खाल्ला. मांडीवर दाणे सांडले,
काळ्या पँटवर दिसतही नव्हते.
आंद्येलच्या थांब्यापर्यंत
मी पाय हलवला नाही.